अर्थाची वायर

निगडीला, ट्रान्सपोर्टनगरीत, वजनकाट्याच्या मागे
सोळा-तेराचा डॅशबोर्ड उघडून बसलोय.
चार स्क्रू निघाले, पाचवा गंजून जागीच.
आत अठरा वर्षांचं वायरिंग,
माझ्याआधीच्या तीन मिस्त्र्यांची तीन अक्षरं.
एकाचा पीळ घट्ट. एकानं टेपऐवजी
बिडीच्या बंडलाचा कागद गुंडाळलेला.
तिसऱ्यानं सगळीकडे पिवळीच वायर वापरली,
दुकानात तेवढंच रीळ उरलं असणार.
त्याला मनसोक्त शिव्या दिल्या,
मग त्याचाच एक जॉइंट ओढून पाहिला.
सुटेना.

लहानू गुंजाळ पायदानावर बसून पेरू खातोय.
मीटर त्यानं स्वतःच्या पैशानं आणलेत, नाना पेठेतून,
डब्याच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून:
ऑइल, पाणी, हवा, व्होल्ट.
मालकाला अजून माहीत नाही.

गेल्या पौषात खंबाटकी चढताना इंजिन धरलं,
मागे बाटल्यांचा माल, काचच काच.
ऑइल संपलं की लाल दिवा लागतो, एवढं त्याला ठाऊक होतं.
दिवा लागला नाही.
"म्हटलं, लागला नाही म्हणजे बरंच चाललंय."
बल्ब कधीचाच गेला होता. पंधरा रुपयांचा बल्ब.
मालकानं चार महिन्यांचा पगार कापला.
पेरूचं बी दातात अडकलं, ते काढत काढत
त्यानं हे सांगितलं.

ब्लॉकवर टी बसवून सेंडर लावला.
पत्र्याला भोक, भोकाला रबर,
नाहीतर पत्रा वायरीला हळूहळू खातो.
एक तार चावीतून, एक पार्किंगच्या दिव्यातून,
एक सेंडरची,
आणि ही काळी, अर्थाची.

इलाही उस्ताद म्हणायचे,
अर्थ नीट लाव, बाकीचं आपोआप लागतं.
मी तेव्हा सतरा वर्षांचा, बारावीत नापास.
वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं ते,
खाली दोन रेघा मारून.
फार उशिरा कळलं,
ते फक्त पत्र्यावरचा रंग खरवडायला सांगत होते.

आणि आज मीच विसरलो.
अंधार पडल्यावर दिवे लावले, चार गोल उजळले.
लहानू उभाच राहिला.
मग त्यानं इंडिकेटर दिला
आणि चारही काटे
नंदीबैलासारखे मान डोलवू लागले.
पाऊस पडेल का? हो. इंजिन टिकेल का? हो.
जे विचाराल त्याला हो.

"हे असंच असतं का?"
"नाही," म्हटलं, "अर्थ लागला नाही."
तो हसला. त्याला वाटलं, मी काहीतरी मोठं बोललो.

काळी वायर काढली. कंसावरचा निळा रंग
पॉलिश पेपरनं घासत गेलो,
खाली पांढरा पत्रा लकाकेपर्यंत.
दात्यांचा वायसर, नट, अर्धा फेरा जास्त.
इंडिकेटर दे. दिला.
काटे गप्प.

एक काम राहिलं.
समोरच्या काचेत मीटर उमटत होते,
रस्त्यावर चार बशा तरंगताहेत असं म्हणाला.
बल्बांना हिरव्या टोप्या घातल्या.
पाणी, हवा, व्होल्ट.
चौथी टोपी घालायला गेलो तर त्यानं मनगट धरलं.
"ऑइलचा राहू दे उघडा.
डोळ्यांत खुपला तर खुपू दे."

इंजिन सुरू झालं. काटा शून्यावरून उठला,
चारावर जाऊन थरथरला, थांबला.
लहानू त्याच्याकडे पाहत राहिला,
तान्ह्याच्या छातीकडे पाहतात तसा,
रात्री, मध्येच जाग आल्यावर.

पन्नास कमीच दिले. सुट्टे नाहीत म्हणाला.
खंबाटकी उतरलो की फोन करतो.

भक्ती-शक्तीच्या चौकात त्याचा उजवा इंडिकेटर
लागत होता, विझत होता.
मी पान्हे पुसत उभा.
इथून केबिन दिसत नाही,
पण आत कुणी मान डोलवत नाहीये.